कुपीवर काय लिहिलंय, ते आधी वाचा

महाराष्ट्रात मधुमेह आणि मज्जातंतूंच्या विकारांवर उपचार करणाऱ्या सर्व डॉक्टरांना,



पत्रास कारण, माझ्या थोरल्या भावाच्या फ्रिजमध्ये सापडलेली एक कुपी. करंगळीच्या पेराएवढी. वर रबरी बूच, त्यावर ॲल्युमिनियमची टोपी, तळाशी पांढऱ्या पावडरीचा खडूच्या चकतीसारखा थर. अंड्यांच्या कप्प्यात, इन्सुलिनच्या पेनाशेजारी ती उभी करून ठेवली होती. लेबलवर इंग्रजीत ‘एआरए-२९०’, खाली ‘१० मिलिग्रॅम’, आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ : फक्त संशोधनासाठी, माणसांत वापरण्यासाठी नाही. दादाला इंग्रजी वाचता येतं, पण ती ओळ वाचायला त्याचा चष्मा पुरत नाही. ज्या डॉक्टरांनी ती कुपी दिली, त्यांना ती वाचता येत होती.

मी डॉक्टर नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या इंजेक्शनं बनवणाऱ्या एका कारखान्यात एकोणतीस वर्षं गुणनियंत्रण विभागात नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. बॅच बाजारात सोडायची की अडवायची, या कागदावर खाली सही करणाऱ्यांपैकी मी एक. त्यामुळे रोगाबद्दल तुम्हाला शिकवण्याचा माझा अधिकार नाही. पण कुपीबद्दल बोलण्याचा आहे, आणि एका रुग्णाची बहीण म्हणून आणखी थोडा.

आधी दादाबद्दल सांगते. एकतीस वर्षं एसटी चालवली. मधुमेह सोळा वर्षांपासून. गेली चार-पाच वर्षं रात्री अकराच्या पुढे त्याचे तळपाय पेटतात. ओला टॉवेल गुंडाळतो, फरशीवर पाय टेकवून पलंगाच्या कडेला बसून राहतो. दिवसा उलटंच, पायाला काही कळतच नाही. एकदा भाजी घेऊन आला तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. ती फाटकापाशीच निसटली होती आणि हा तसाच जिना चढून वर आला होता. आयुष्यभर क्लचवर पाय ठेवून घाट उतरवलेला माणूस तो. पायाखाली काय आहे हे कळत नाही, हे सांगताना त्याला लाज वाटत होती.

माझी पहिली तक्रार इथलीच आहे. या चार वर्षांत दादाने तुमच्यापैकी तिघांना पाय जळतात म्हणून सांगितलं. तिघांनी रिपोर्ट पाहिला, गोळी वाढवली, ‘शुगर सांभाळा, वयोमानाने असं होतं’ म्हणाले. एकानेही त्याला पायमोजे काढायला सांगितले नाहीत. दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा तो नायलॉनचा तंतू तळपायाला टेकवायला आणि १२८ हर्ट्झचा नादकाटा घोट्यावर ठेवायला दोन-तीन मिनिटं लागतात. तुमच्या ओपीडीत दुपारपर्यंत साठ-सत्तर माणसं असतात, हे मी बाहेर बाकावर बसून पाहिलंय. तरीही ती तीन मिनिटं मागते आहे, कारण ती न मिळाल्यामुळेच दादा दुसऱ्या दारात गेला. आपल्या देशात तर बधिर पायाचं शास्त्र जुनं आहे. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांवर काम करून दाखवून दिलं की, बोटं रोगाने झडत नाहीत. दुखणंच कळत नसल्यामुळे झालेल्या जखमांनी जातात. कुष्ठरुग्णांसाठी वापरली जाणारी एमसीआर रबराची मऊ चप्पल आज मधुमेही पायालाही तितकीच उपयोगी पडते. ती दादाला कुणी लिहून दिली नव्हती.

आणि बी-१२. दादा चौदा वर्षं मेटफॉर्मिन घेतोय, माळकरी आहे, मांस-मासे-अंडी काही खात नाही (अंड्यांचा कप्पा नातवंडांसाठी). मेटफॉर्मिनने बी-१२ कमी होतं आणि बी-१२ कमी झालं की मज्जातंतूंवर परिणाम होतो, हे तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला नाही. तपासणी मीच करून घेतली. खूपच कमी निघालं. तीन महिन्यांच्या उपचारानंतर मुंग्या कमी झाल्या आहेत. जळजळ आहे, पण रात्री दोनपर्यंत झोप लागते. हा सगळा फरक बी-१२चाच, असा माझा दावा नाही. पण परदेशातून पावडर मागवण्याआधी ही तपासणी व्हायला हवी होती, एवढं मात्र मी ठामपणे म्हणेन.

आता त्या पावडरीकडे येते. तुमच्यापैकी काही जण ‘असलं काही आम्हाला माहीत नाही’ म्हणून हात झटकतात, आणि काही जण ‘मज्जातंतू पुन्हा उगवतात, साइड इफेक्ट शून्य’ असं सांगून विकतात. दोघांनाही माझं सांगणं आहे की, या रेणूचा इतिहास नीट वाचा. तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही आणि डोक्यावर घेण्यासारखाही नाही.

एआरए-२९०, शास्त्रीय नाव सिबिनेटाइड, हे अकरा अमायनो आम्लांचं छोटं पेप्टाइड आहे. त्याची आई म्हणजे एरिथ्रोपोएटिन, आपण ज्याला ईपीओ म्हणतो, मूत्रपिंडात तयार होणारं आणि रक्तपेशी वाढवायला सांगणारं १६५ अमायनो आम्लांचं संप्रेरक. रक्त वाढवण्याखेरीज ईपीओ इजा झालेल्या ऊतींना वाचवतं, असं दिसू लागलं होतं. पण त्यासाठी ते मोठ्या मात्रेत द्यावं लागे, आणि तसं दिलं की रक्त दाट होऊन गुठळ्यांचा धोका. मग मायकल ब्राइन्स आणि अँथनी सेरामी यांनी ईपीओच्या ‘बी’ हेलिक्सच्या पृष्ठभागाची नक्कल करून हे छोटं पेप्टाइड घडवलं आणि २००८ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. रक्त न वाढवता फक्त दुरुस्तीचा निरोप पोहोचवायचा, ही कल्पना. हे सेरामी तुम्हाला परके नाहीत. रुग्ण ज्याला ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतात, ती एचबीएवनसीची तपासणी मधुमेहासाठी वापरता येईल हे दाखवणाऱ्यांत १९७० च्या दशकात तेच होते. ही भोंदूगिरी नाही, पक्क्या प्रयोगशाळेतून आलेली कल्पना आहे, म्हणूनच ती अर्धवट हाताळली जाते तेव्हा मला जास्त वाईट वाटतं.

माणसांवरच्या चाचण्याही झाल्या. नेदरलँड्समधल्या लायडनला सार्कॉइडोसिसमुळे बारीक मज्जातंतू खराब झालेल्या रुग्णांवर सुरुवात झाली. २०१५ मध्ये टाइप-२ मधुमेहाच्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला : रोज ४ मिलिग्रॅम त्वचेखाली, २८ दिवस. त्रास कमी झाल्याची नोंद आहे. २०१७ मध्ये सार्कॉइडोसिसच्या ६४ रुग्णांवरचा अभ्यास आला. त्यात १, ४ आणि ८ मिलिग्रॅम असे गट होते आणि मोजलं होतं ते डोळ्याच्या पारदर्शक पटलातल्या मज्जातंतूंचं क्षेत्रफळ. ४ मिलिग्रॅमच्या गटात ते ठळकपणे वाढलं. ८ मिलिग्रॅमच्या गटात त्याहून जास्त वाढलं नाही. उलट तिथली वाढ संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण ‘गुण येत नाही म्हणजे डोस कमी पडतोय’ हे वाक्य दादाला दोनदा ऐकवलं गेलं. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला सूज आलेल्या नऊ रुग्णांना हेच औषध १२ आठवडे देऊन पाहिलं गेलं. त्यांची दृष्टी सुधारली नाही.

एवढीच शिदोरी आहे. काही डझन रुग्ण, बहुतेकांना २८ दिवस. त्या २८ दिवसांत मोठं काही विपरीत घडलं नाही, ही खरी आणि चांगली बातमी. पण २८ दिवसांच्या चाचणीने २८ दिवसांपुरतंच सांगता येतं. दादाला सांगितलं गेलं होतं, ‘वर्षभर घ्या.’ त्या वर्षातल्या उरलेल्या महिन्यांचा पुरावा कुणाकडे आहे? अमेरिकेच्या एफडीएने या औषधाला ‘ऑर्फन’ दर्जा दिला, तो दुर्मीळ आजारावरच्या संशोधनाला प्रोत्साहन म्हणून. दादाच्या हातात दिलेल्या पत्रकात तेच ‘एफडीए मान्यताप्राप्त’ म्हणून छापलं होतं. विक्रीची परवानगी अमेरिकेने दिलेली नाही, युरोपनेही नाही, आपल्या केंद्रीय औषध नियंत्रकांनीही नाही.

लहान चाचणीवर विसंबणं किती महागात पडतं, हे याच घराण्यात घडलेलं आहे. पक्षाघाताच्या झटक्यानंतर मेंदू वाचवायला ईपीओ द्यावं, हा प्रयोग जर्मनीत झाला. आधी चाळीसेक रुग्णांवर केला, निष्कर्ष २००२ मध्ये आले आणि सगळ्यांच्या आशा पालवल्या. मग मोठी चाचणी झाली, ५२२ रुग्णांची. २००९ मध्ये तिचे आकडे आले. ईपीओ दिलेल्यांत १६.४ टक्के रुग्ण दगावले, न दिलेल्यांत ९ टक्के. ज्या औषधाने चाळीस माणसांत मेंदू वाचताना दिसला, त्याच औषधाच्या गटात पाचशे माणसांत जास्त मृत्यू झाले. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा कारखान्यातल्या माझ्या टेबलावर बसून दोनदा तपासले होते. सिबिनेटाइडमुळे असंच होईल, असं मी म्हणत नाही. ते मुद्दाम वेगळं घडवलंय आणि चाचण्यांत हिमोग्लोबिन वाढलेलं दिसलं नाही. पण ज्याची आई अशी निघाली, त्या लेकराला ५२२ जणांच्या चाचणीतून न नेताच सुरक्षित म्हणून मोकळं व्हायचं, हे कोणत्या शास्त्रात बसतं?

आणखी दोन गोष्टी याच कुटुंबातल्या, आणि या दोन्ही माझ्या खात्यातल्या आहेत.

ईपीओचंच एक व्यापारी रूप, इप्रेक्स. १९९८ मध्ये युरोपात त्यातला स्थिर ठेवणारा घटक बदलला. मुख्य औषध तेच होतं, बदलला होता सोबतचा घटक. त्यानंतरच्या वर्षांत मूत्रपिंडाच्या काही रुग्णांच्या शरीरात ईपीओविरुद्धच प्रतिपिंडं तयार झाली. ती बाहेरच्या ईपीओवर थांबली नाहीत, रुग्णाच्या स्वतःच्या ईपीओलाही त्यांनी निकामी केलं. रक्त तयार होणंच थांबलं आणि रुग्ण रक्ताच्या बाटल्यांवर जगू लागले. २००२ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी अशा तेरा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. हा प्रकार पहिल्या महिन्यात दिसला नव्हता. बऱ्याच रुग्णांत तो कित्येक महिन्यांच्या इंजेक्शनांनंतर दिसला.

दुसरं पेजिनेसाटाइड. हे तर पेप्टाइडच, डायलिसिसच्या रुग्णांसाठी रक्तवाढीचं. मोठ्या चाचण्या पार करून मार्च २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. पंचवीस हजारांहून अधिक रुग्णांना दिलं गेलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीला सगळा माल परत बोलवावा लागला, कारण पहिलाच डोस दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत तीव्र ॲलर्जीने माणसं दगावत होती. प्रमाण दहा हजारांत दोन. नंतर शोध घेतला तेव्हा संशय कुपीवर गेला. चाचण्यांत एका वेळेपुरती, संरक्षक द्रव्य नसलेली कुपी वापरली होती. बाजारात आली ती अनेक डोसांची, फिनॉल घातलेली. तीत डोळ्यांना न दिसणारे कण जास्त आढळले.

म्हणजे परवाना असलेला कारखाना, तपासनीस, हजारो रुग्णांच्या चाचण्या, एवढं सगळं असूनही कुपी बदलली आणि माणसं गेली. आता दादाच्या फ्रिजमधल्या कुपीकडे पाहा.

तिच्यासोबत एक प्रमाणपत्र होतं. ‘शुद्धता ९९.२ टक्के.’ हा आकडा पाहून तुमच्यातले अनेक जण निश्चिंत होतात, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगते. एचपीएलसी यंत्रात नमुना सोडला की आलेखावर शिखरं उमटतात. अतिनील प्रकाश शोषणाऱ्या सगळ्या शिखरांच्या क्षेत्रफळात मुख्य शिखराचा वाटा किती, तो हा ९९.२. जे प्रकाश शोषत नाही, ते त्या आलेखावर येतच नाही. कुपीत पाणी किती, क्षार किती, प्रत्यक्ष पेप्टाइड दहा मिलिग्रॅम आहे की सहा, यातलं काहीही तो आकडा सांगत नाही. जंतू आहेत का, हे सांगत नाही. आणि एंडोटॉक्सिन तर अजिबातच सांगत नाही.

एंडोटॉक्सिन म्हणजे मेलेल्या जिवाणूंच्या कवचाचे तुकडे. पेप्टाइड उष्णतेने बिघडतं, म्हणून त्याची कुपी ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही. ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून निर्जंतुक खोलीत भरावी लागते. गाळणी जिवंत जंतू अडवते, कवचाचे तुकडे मात्र आरपार जातात. मी नोकरीला लागले तेव्हा ही तपासणी सशांवर व्हायची. तीन ससे, कानाच्या शिरेत इंजेक्शन, आणि ताप चढतो का ते तासन् तास पाहत बसायचं. नंतर एलएएल चाचणी आली. मर्यादा आहे शरीराच्या वजनाच्या किलोमागे तासाला पाच एकक. निर्जंतुकतेची चाचणी वेगळी; तिचे नमुने चौदा दिवस उबवून पाहावे लागतात. चौदाव्या दिवशी सकाळी नळीत ढगाळपणा दिसला की सगळी बॅच थांबते आणि कारखान्यात वरपासून खालपर्यंत कुणाला झोप लागत नाही. दादाच्या प्रमाणपत्रावर यातल्या एकाही तपासणीची ओळ नव्हती. बॅच नंबरही नव्हता.

मी एक कुपी सोबतच्या पाण्यात विरघळवून खिडकीशी धरली. मागे आधी पांढरा कागद, मग काळा. आमच्याकडे प्रत्येक कुपी अशीच पाहिली जायची. हलकेच गोल फिरवली. काळ्या कागदासमोर दोन तंतू तरंगताना दिसले आणि तळाशी एक चमकता कण. असली कुपी माझ्या हाताखालच्या पोरीने डोळे मिटूनही सोडली नसती.

आता सिरिंज. हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही, डोळ्यांनी पाहिलंय. पेप्टाइडचे हिशेब अमेरिकेतून येतात आणि तिथली इन्सुलिन सिरिंज यू-१००, म्हणजे एका मिलिलिटरला शंभर युनिट. दादाच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं ‘दोन मिली पाण्यात विरघळवून ४० युनिट’. यू-१०० वर ४० युनिट म्हणजे ०.४ मिली, म्हणजे दोन मिलिग्रॅम. आपल्याकडे गल्लीतल्या मेडिकलमध्ये सर्रास मिळते ती लाल टोपीची यू-४० सिरिंज. तिच्यावर ४० युनिट म्हणजे पूर्ण एक मिली, म्हणजे पाच मिलिग्रॅम. दादा अडीचपट डोस घेत होता. त्याच्या लक्षात आलं होतं की पाच दिवसांची कुपी दोन दिवसांत संपते. त्याला वाटलं, कंपनीने कमी भरलं असेल.

सहाव्या इंजेक्शननंतर तासाभरात त्याला हुडहुडी भरली. दोन गोधड्या घालूनही दात वाजत होते. ताप १०२. सकाळी उतरला. पोटावर इंजेक्शनच्या जागी सुपारीएवढी गाठ आली, ती महिनाभर राहिली. देणाऱ्या डॉक्टरांना फोन केला तर उत्तर मिळालं, ‘औषध लागू पडतंय त्याचं लक्षण आहे.’ ताप एंडोटॉक्सिनचा होता, जंतूंचा होता की आणखी कशाचा, हे मी सिद्ध करू शकत नाही. ज्या मालाला बॅच नंबर नाही, त्याचा माग काढता येत नाही.

नेहमीच्या डॉक्टरांना दादाने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, ‘ओरडतील.’ डॉक्टर, तुमच्यावर माझा सगळ्यात जास्त राग यासाठी आहे. इन्सुलिन घेणारा रुग्ण दुसरं एक इंजेक्शन टोचून घेतो आणि ते तुमच्यापासून लपवतो, कारण त्याला तुमच्या ओरडण्याची भीती वाटते. तालमीतली, जिममधली तरुण पोरं बीपीसी-१५७ नावाचं पेप्टाइड घेतात तीही अशीच लपून. त्या पेप्टाइडचं बहुतेक काम क्रोएशियातल्या झाग्रेबच्या प्रयोगशाळेत उंदरांवर झालंय, खेळाडूंसाठी ते २०२२ पासून जागतिक बंदीच्या यादीत आहे, पण गुडघा दुखतो म्हणून टोचणाऱ्या पोराला हे सांगायला कुणी नाही.

आणि जे डॉक्टर स्वतःच ही इंजेक्शनं देतात, त्यांना सरळच विचारते. तुमचा या पेप्टाइडवर खरोखर विश्वास असेल, तर चाचणी का करत नाही? त्यासाठी २०१९ चे नियम आहेत. केंद्रीय नियंत्रकांची परवानगी घ्या, नीतिसमितीसमोर जा, चाचणी नोंदवा (ती नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे), रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून लेखी संमती घ्या. नियमानुसार अशा चाचणीत इजा झाली तर उपचाराचा खर्च आणि भरपाई प्रायोजकाने द्यायची असते. दादाने कुपीमागे पैसे मोजले, ताप अंगावर काढला आणि त्याच्या अनुभवाची नोंद कुठल्याही वहीत झाली नाही. त्याच्यावर प्रयोग झाला, पण त्या प्रयोगातून कुणी काही शिकलं नाही. मधुमेह, पक्षाघात बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी तुमच्या प्रतीक्षाकक्षातल्या टीव्हीवर ‘नर्व्ह रिजनरेशन’ची चित्रफीत फिरत असते.

आशा दाखवू नका, असं मी म्हणत नाही. प्रीगॅबालिन, ड्युलॉक्सेटीन आग कमी करतात, मज्जातंतू उगवून आणत नाहीत. ते उगवून आणणारं औषध हवंच आहे. आयसीएमआरच्या पाहणीचा अंदाज आहे की आपल्या देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. यांच्यातल्या लाखोंना रात्री दादासारखी फरशी शोधावी लागत असेल. उद्या सिबिनेटाइड किंवा त्याचं भावंड नीट तपासून आलं, तर पहिलं इंजेक्शन दादाला मी माझ्या हाताने देईन.

तोवर माझ्या मागण्या फार नाहीत. रुग्णाला विचारा, ‘आणखी काही टोचून घेता का?’ आणि ‘हो’ म्हणाला तर रागावू नका. कुपी, सिरिंज, चिठ्ठी घेऊन बोलवा आणि सिरिंजची टोपी कोणत्या रंगाची आहे ते पाहा. त्याच्या डोळ्याचा पडदा तपासून घ्या. बळावलेल्या मधुमेही डोळ्यात नव्या रक्तवाहिन्या फुटायला ईपीओ हातभार लावतं, हे जपानी डॉक्टरांनी २००५ मध्ये दाखवलंय, आणि त्या घराण्यातलं काहीही टोचून घेणाऱ्याचे डोळे न पाहता सोडणं बरं नव्हे. कर्करोग झालेला किंवा होऊन गेलेला रुग्ण असेल तर त्याला हे स्पष्टपणे नाही म्हणून सांगा. ईपीओच्या औषधांवर अमेरिकेत २००७ मध्ये चौकटीतला इशारा छापला गेला, त्यात कर्करुग्णांचे मृत्यू हेही एक कारण होतं. हुडहुडी, गाठ, पुरळ, काहीही झालं तर ते भारताच्या औषधदक्षता कार्यक्रमाला कळवा. अर्ज साधा आहे, फोन १८००-१८०-३०२४, पैसे पडत नाहीत. औषध बेकायदा असलं तरी त्याने झालेला ताप खरा असतो आणि त्याची नोंद व्हायलाच हवी. दादाच्या तापाची नोंद शेवटी मी केली.

त्याच्या फ्रिजमधल्या उरलेल्या तीन कुप्या माझ्याकडे, कपाटात, तारीख घालून बंद केलेल्या डब्यात आहेत. तुमच्यापैकी कुणाला त्या तपासायच्या असतील तर मी स्वतः घेऊन येईन.

आणि उद्या सकाळी तुमच्या ओपीडीत जो पहिला मधुमेही रुग्ण येईल, त्याला खुर्चीवर बसवून आधी पायमोजे काढायला सांगा.



आपली नम्र,
एक निवृत्त गुणनियंत्रण रसायनज्ञ, आणि एका रुग्णाची धाकटी बहीण